रसाचा पेला

दिवाळी तोंडावर आली की आमच्या यवतमाळच्या बाजारात संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. आंबिया बहाराची फळे याच सुमारास झाडावरून उतरतात. दत्त चौकाकडे जाताना गाड्यांवरचा तो केशरी रंग पाहिला, की पिशवी घेतल्यावाचून निघालो याची चुटपुट लागते. आमचा नेहमीचा फळवाला मला दुरूनच हाक मारतो, "या जी गुरुजी, घेऊन जा. साखरेवानी गोड हायेत!"

दरवर्षी हे ऐकून मी खूश होत असे. परवा मात्र 'साखरेवानी' हा शब्द कानांवर पडला आणि माझा हात पिशवीवरच थबकला. गेली दिवाळी आठवली. यंदाच्या दिवाळी अंकात काय लिहावे याचा विचार चाललाच होता. म्हटले, तीच हकीकत वाचकांना सांगावी. तीत माझी फजिती आहे. पण आपल्या फजितीने चार घरे शहाणी होत असतील, तर दिवाळीच्या दिवसांत तेवढे दान करायला हरकत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर माझी थोरली बहीण अक्का दिग्रसहून आमच्याकडे कायमची राहायला आली. वय शहात्तर. मधुमेह चौदा वर्षांचा जुना. त्यातच तापाने आठ दिवस रुग्णालयात काढलेले. घरी आली तेव्हा हाडांवर कातडे तेवढे उरले होते. सौ.ने आणि सूनबाईंनी तिच्या पथ्याची जबाबदारी वाटून घेतली. चहा बिनसाखरेचा, भात मोजका, लाडवांचा डबा वरच्या फळीवर. मी म्हटले, माझ्याही वाट्याला काही येऊ द्या. आणि मी संत्र्याच्या रसाचे खाते पत्करले.

आजारी माणसाला रस द्यायचा, हे आपल्याकडे कुणी शिकवावे लागत नाही. रुग्णालयाच्या दारासमोर रसाचे दुकान असतेच. भेटीला येणारा माणूस हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन येतो आणि "रस देत जा हो त्यांना" असे सांगून जातो. मीही सकाळी आठ वाजता आणि दुपारी चार वाजता, पाच-पाच संत्री पिळून, गाळून, अडीचशे मिलिलिटरचा पेला काठोकाठ भरून अक्काच्या हाती देत असे. साखरेचा कणही त्यात घालत नव्हतो, याचा मला केवढा अभिमान! अक्काही "बाळ, तुझ्या हाताला चव आहे रे" म्हणायची. भाऊ म्हणून याहून आणखी काय हवे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाहुणे आले. त्यांच्यासाठी आणलेल्या कोल्याच्या बाटल्यांतली एक आमचा नातू विनू उघडून बसला. विनू आठवीत आहे. मी गरजलो, "हे विष कशाला पितोस? घरात संत्र्यांची रास पडली आहे. रस पी, रस!"

विनूने बाटली खाली ठेवली. पण हल्लीची मुले गप्प बसत नाहीत. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचत तो म्हणाला, "आजोबा, यात शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या वर साखर आहे. तुमच्या रसात किती असते?"

"रसातली साखर वेगळी. ती फळातली."

"वेगळी म्हणजे किती ग्रॅम?"

वाचकहो, मी छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. 'किती' या प्रश्नाला 'वेगळी' हे उत्तर मी एकाही विद्यार्थ्याचे चालवून घेतले नव्हते. तेव्हा पाटीपेन्सिल नाही तरी कागदपेन्सिल घेऊन बसणे भाग पडले. आकडे विनूनेच हुडकले. संत्र्याच्या ताज्या रसात शंभर मिलिलिटरला आठ ते नऊ ग्रॅम साखर असते. म्हणजे माझ्या पेल्यात एकवीस-बावीस ग्रॅम. कोल्याच्या तेवढ्याच पेल्यात सव्वीस-सत्तावीस. सूनबाईंनी स्वयंपाकघरातला लहान तराजू आणला. विनूने दोन वाट्यांत दोन्ही साखरा मोजून ओतल्या आणि वाट्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. चमच्याने मोजल्या तर एकीत साडेसहा चमचे, दुसरीत पाचाच्या थोड्या वर. चष्मा काढून पाहिले असते, तर कोणती वाटी कोल्याची आणि कोणती माझ्या औषधाची, हे मला सांगता आले नसते.

अक्का खुर्चीवर बसून हा सारा खेळ पाहत होती. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे बाळ, तू मला रोज दहा चमचे साखर पाजत होतास होय? आणि वर पेढ्याचा एक तुकडा चाखू दिला नाहीस!"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसू काही खरे नव्हते.

दिवाळी आटोपल्यावर अक्काला डॉक्टरांकडे नेले. मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी जी रक्ताची तपासणी असते, तिचा आकडा साडेनवाच्या घरात गेला होता. डॉक्टर गोळी वाढवण्याच्या विचारात होते. खाण्यापिण्याची चौकशी करताना त्यांनी विचारले, "फळांचा रस वगैरे?" अक्काने माझ्याकडे बोट दाखवले. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आहेत तशाच राहू द्या. आधी तो पेला बंद करा. संत्रे खाऊ द्या. एका वेळी एक, चोथ्यासकट. तीन महिन्यांनी पाहू."

संत्रे चालते आणि संत्र्याचा रस चालत नाही, हे मला कोडेच वाटले. डॉक्टरांनी ते थोडक्यात उलगडले. संत्र्याच्या फोडीत साखर असते, ती बारीक पिशव्यांत बांधलेली. भोवती चोथा. तो चावावा लागतो, पोटात जाऊन फुगतो, सावकाश पुढे सरकतो आणि साखर थोडीथोडी रक्तात उतरते. पिळल्यावर पिशव्या फुटतात आणि आपण तो चोथा गाळून टाकून देतो. उरते ते गोड पाणी. जीवनसत्त्व त्यात असते, नाही असे नाही. पण साखरेला बांधून ठेवणारी दोरी तोडलेली असते.

१९७७ साली इंग्लंडातल्या संशोधकांनी याचा एक साधा प्रयोग 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दहा माणसांना एकदा अख्खी सफरचंदे दिली, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा रस. पिष्टशर्करेचे माप तिन्ही वेळी सारखेच. सफरचंदे खायला जेवढा वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन झाला. पोट भरल्याची भावना फळाने सर्वांत अधिक आली, रसाने सर्वांत कमी. रस प्यायल्यावर रक्तात इन्सुलिनही जास्त चढले आणि मागाहून साखर घसरली. म्हणजे पुन्हा भूक लागायची तयारी!

हा प्रयोग विनूने घरीच करून पाहिला. पाच संत्र्यांचा रस त्याने पाऊण मिनिटात संपवला आणि "आता चिवडा आहे का?" म्हणून विचारले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाच संत्री सोलून पुढ्यात ठेवली. तिसऱ्या संत्र्यापाशी गाडी मंदावली. साडेतीन झाल्यावर तो हात पुसत उठला. पाच संत्री एका बैठकीत खाऊ न शकणारा माणूस पाच संत्र्यांची साखर एका घोटात पितो, हेच तर सारे मर्म आहे. फळ आपणच सांगते, 'आता पुरे.' पेला कधी सांगत नाही.

अमेरिकेतल्या १,८७,३८२ परिचारिका आणि आरोग्य-व्यावसायिकांच्या आहाराच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे, सफरचंद आणि निळी बोरे खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला; रस पिणाऱ्यांत थोडा अधिक. नोंदींवरून निघालेला निष्कर्ष म्हणजे गणितातली सिद्धता नव्हे, हे मी मास्तर म्हणून आधीच सांगतो. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो ते त्यावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी सल्ला दिला, तेव्हा वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतली साखर एकाच यादीत धरली. अख्ख्या फळातली मात्र त्यातून वगळली. मोठ्या माणसाने ही यादीतली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमांच्या आत ठेवावी, आणि पंचवीसच्या आत ठेवली तर उत्तम, असे त्या सल्ल्याचे साधारण माप निघते. माझा एक पेला बावीस ग्रॅमांचा. आमच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत रसापेक्षा अख्खे फळ बरे असेच म्हटले आहे. उसाच्या रसात शंभर मिलिलिटरला तेरा ते पंधरा ग्रॅम साखर असते, तेव्हा तो बेतानेच प्यावा, असेही तीत आहे. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकून पाय वळतात, ते आपण जाणतोच. उन्हाळ्यात एखाद्या वेळी वळू द्यावेत, रोज नको.

हे सारे ऐकून विनूने लगेच वकिली काढली, "म्हणजे कोला आणि रस सारखेच. मग कोला प्यायला काय हरकत आहे?"

असा निकाल बरेच लोक लावतात. तो चुकीचा आहे. संत्र्याच्या रसात क जीवनसत्त्व भरपूर असते. एका लहान पेल्यात दिवसाची बरीचशी गरज भागते. पोटॅशियम असते, फोलेट असते. कोल्यात साखर, वायू, फॉस्फोरिक आम्ल, रंग आणि थोडे कॅफीन; याखेरीज शरीराच्या उपयोगी पडेल असे काही नाही. तेव्हा दोघांची कुस्ती लावली तर ताजा रस जिंकतो, यात शंका नाही. पण तो जिंकतो जीवनसत्त्वाच्या गुणांवर. साखरेच्या पेपरात दोघेही काठावरच. आणि दातांच्या बाबतीत दोघेही आंबट, दोघेही दातांवरचे कवच झिजवणारे. 'सोड्यापेक्षा बरा' एवढे प्रशस्तिपत्र मिळाले म्हणून रस औषध ठरत नाही. मी मात्र तो औषध समजून मोठ्या पेल्याने दिवसातून दोनदा पाजत होतो.

सोड्याविषयीही थोडा न्याय करायला हवा. आपण 'सोडा' हा शब्द ढिलेपणाने वापरतो. खरा साधा सोडा म्हणजे पाणी आणि त्यात दाबाने मिसळलेला वायू. १७६७ साली जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने पाण्यात हा वायू मिसळण्याची युक्ती शोधली. १८७० च्या सुमारास हायरम कॉड नावाच्या गृहस्थाने गळ्यात काचेची गोटी अडकवलेली बाटली काढली. तीच आपली गोटीसोड्याची बाटली. मूर्तिजापूर स्टेशनावर यवतमाळच्या 'शकुंतला' गाडीची वाट पाहताना, अंगठ्याने गोटी आत ढकलल्यावर येणारा 'फस्स' आवाज मला अजून ऐकू येतो. ती धाकटी गाडी आता धावत नाही. त्या सोड्यात लिंबू पिळून चिमूटभर मीठ घातले तर साखर शून्य. अक्काचा हा निर्दोष पेला आम्ही त्या गोड बाटल्यांच्याच रांगेत उभा केला होता! दोष वायूचा नाही, गोडीचा आहे. कोकाकोला १९७७ साली हा देश सोडून गेला आणि १९९३ साली परत आला. मधली सोळा वर्षे देशी गोड बाटल्यांनी त्याची उणीव भासू दिली नाही. म्हणजे बाटलीवरचे नाव बदलले, तरी आपली गोडाची ओढ काही बदलली नाही.

आता तिसऱ्या मंडळींविषयी. दुकानातले रंगीत खोके. त्यावर रसाळ आंबा, दव पडलेले संत्रे. मुलांच्या डब्याबरोबर हे खोके देऊन अनेक आया समाधान मानतात. खोका उलटा करून मागचे अक्षर वाचा. 'फ्रूट ड्रिंक' म्हणवणाऱ्या पेयात फळाचा अंश निदान दहा टक्के असला, लिंबाच्या पेयात पाच टक्के असला, तरी कायद्याचे समाधान होते. उरलेला भाग बहुतेक पाणी आणि साखर. या पेयाची तुलना रसाशी करायची नसते. ते कोल्याचेच बिनफेसाचे भावंड. ज्या खोक्यांत खरोखर रस असतो, तेही पुष्कळदा आटवलेल्या रसात पाणी घालून केलेले असतात. म्हणूनच जून २०२४ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खोक्यांवरून आणि जाहिरातींतून 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा हुकूम दिला. आमच्या लहानपणी पाहुण्यांपुढे स्क्वॅश येई. नागपूरच्या संत्री बागाईतदारांच्या संघावरून नाव पडलेला 'नोगा'चा स्क्वॅश म्हणजे विदर्भाच्या घराघरांतला मान. पण ती बाटली महिनोन्महिने पुरायची. चार थेंब घालून पेलाभर पाणी, असा हिशेब. आई चमच्याने मोजून घाली. त्या काटकसरीत आरोग्यही होते, हे आज कळते.

मग रस कधीच देऊ नये का? तसे नाही. मधुमेही माणसाची साखर एकाएकी खाली आली, घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर अर्धा पेला रस चटकन द्यावा. तिथे रसाचा वेगच उपयोगी पडतो. ज्याला चावताच येत नाही त्याला डॉक्टरांना विचारून थोडा द्यावा. लहान मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली माप घालून दिले आहे: वर्षाच्या आत मुळीच नाही, तिसऱ्या वर्षापर्यंत दिवसाला फार तर सव्वाशे मिलिलिटर, सात वर्षांपुढे फार तर अडीचशे. मूत्रपिंडाच्या रोग्याला मात्र पोटॅशियममुळे संत्र्याचा रस विचारल्यावाचून देऊ नये.

आणि एक गोष्ट आयांनी मनाशी पक्की धरावी. मुलाला जुलाब होत असता 'शक्ती यावी' म्हणून रस किंवा शीतपेय पाजू नये. जलसंजीवनीच्या एका लिटरात ग्लुकोज असते साडेतेरा ग्रॅम; रसात आणि कोल्यात लिटरला ऐंशी-शंभर ग्रॅम साखर. इतकी साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे हे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. रुपयांच्या हिशेबात त्या पुडीची किंमत रसाच्या पेल्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

आमच्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तहान लागते ती पाण्याची, गोडाची नव्हे. माठातले पाणी, पातळ ताक, मीठ घातलेले लिंबूपाणी, गूळ बेताचा घातलेले कैरीचे पन्हे. ही यादी आपल्या आजीने केव्हाच करून ठेवली आहे. आपण फक्त ती जुनाट म्हणून अडगळीत टाकली.

असो. अक्काचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. माझे रसाचे खाते त्याच दिवशी बंद झाले. सकाळी एक संत्रे आणि दुपारी अर्धा पेरू, असे नवे खाते उघडले. संध्याकाळी विनू तिला अंगणात फिरवू लागला. माघात पुन्हा तपासणी केली तेव्हा तो साडेनवाच्या घरातला आकडा आठाच्या जवळ आला होता, गोळ्या न वाढवता. सारे श्रेय एकट्या पेल्याला देणे बरोबर नाही; ताप गेला होता, चालणे सुरू झाले होते. पण डॉक्टर म्हणाले, "पेल्याचा वाटा मोठा आहे." मी मान खाली घातली.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला पाहुण्यांपुढे काय ठेवायचे, यावर घरात खल झाला. ठरले ते असे: ताटात सोललेल्या संत्र्यांच्या फोडी, माठाचे पाणी आणि ज्याला हवा त्याला लिंबू पिळून सोडा. विनूने एक कोल्याची बाटली मागितली. ती त्याला मिळणार आहे. वर्षाचा सण आहे, आणि तो आता मोजून पितो. अक्काला पेढ्याचा एक तुकडा मिळणार आहे, डॉक्टरांना विचारून.

राहिली भाऊबीज. गेल्या वर्षी तिने मला ओवाळले, तेव्हा ओवाळणीत नोटेबरोबर रसाचा पेलाही मोठ्या कौतुकाने ठेवला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी टेबलावरच्या वाट्या पाहूनही मी तो ठेवला, कारण सवय आणि अभिमान यांना आकडे लवकर पटत नाहीत. तिने तो पेला उचलून मुकाट्याने मलाच पाजला. यंदा मी परवाच्या त्या ढिगातले एक चांगले संत्रे निवडून ठेवले आहे. तिच्याजवळ बसून, शिरा काढून, एकेक फोड तिच्या हातावर ठेवणार आहे. वेळ लागेल. पण भावाबहिणीला शेजारी बसायला वेळ लागला, तर बिघडले कुठे?